रोवणी आमची, फोटो त्यांचा

ग्रामपंचायतीच्या हॉलसमोर फ्लेक्स लागला होता आणि त्याच्यावर ओळीनं चेहरे होते. सगळे पुरुषांचे. कोपऱ्यात एक बाई होती, आमच्या सरपंचबाई, पण त्यांचा फोटो त्यांच्या नवऱ्याच्या फोटोच्या निम्मा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अबला भगिनींना मदतीचा हात’. ज्या हातांनी ती मदत उभी केली होती, ते हात त्या वेळी हॉलच्या मागच्या बाजूला चहाचे कप विसळत होते.

हे सगळं शांतपणे सांगायचं ठरवून मी यापूर्वी दोनतीनदा बसले. जमलं नाही. आता जसं येईल तसं सांगते.

मी तिरोडा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सासर इथलंच. घरच्या थोड्या धानाच्या बांध्या आहेत, आमच्याकडे भातखाचराला बांधीच म्हणतात. शेतातून पाहिलं तर लांबवर वीज कारखान्याच्या चिमण्या दिसतात. दर पावसाळ्यात रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बायकांची एक ठरलेली टोळी आमच्याकडे येते. टोळीत पोवारांच्या बायका आहेत, कुणब्यांच्या आहेत, बौद्ध मोहल्ल्यातल्या आहेत. चिखलात उतरल्यावर सगळ्यांचे पाय सारखेच दिसतात. टोळीची म्होरकी बौद्ध मोहल्ल्यातली एक पन्नाशीची बाई. तिला सगळे काकी म्हणतात, मीसुद्धा.

तालुक्याच्या गावात रेल्वेलाइनच्या पलीकडे एक घर आहे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंचं. दोन खोल्या, मागे टिनाचं शेड. नवऱ्यानं मारून घालवलेल्या, दीर-सासऱ्यांनी हाकललेल्या, पोटात लेकरू असून कोणी नसलेल्या बायका तिथं येतात, राहतात, सावरतात आणि कुठं तरी मार्गी लागतात. नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणतात. त्या घराला पाटी नाही. मी एकदा विचारलं होतं, तर सिस्टर म्हणाल्या, “पाटी लावली की ती नवरेही वाचतात, मॅडम.”

एका वर्षी आमच्या बांधीत रोवणी चालू होती. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळ्या भाकर खात होत्या. मी चहा घेऊन गेले होते. काकी मध्येच म्हणाली, “सिस्टरकडं तांदूळ सरला म्हनते. माही भाची तिथंच बाळंत झाली होती, मांगच्या साली. आमी काई देलो नाही तिले. द्याले हाय काई आमच्यापाशी?”

एक जण म्हणाली, “द्याले हात हायेत ना वो काकी.”

बस, इथूनच झालं. ठरलं असं, की रोवणीच्या हंगामातला एक दिवस सगळ्यांनी मिळून सिस्टरच्या घरासाठी रोवायचं. त्या दिवसाची मजुरी रोख घ्यायची नाही, तांदूळच घ्यायचा आणि तो तसाच पोचवायचा. ना अध्यक्ष, ना सचिव. कोणाला काही विचारायचं नव्हतं, कारण श्रम त्यांचे होते. मी म्हटलं, मीही येते. सगळ्या हसल्या. पण मी त्या दिवशी शाळेला रजा टाकून गेले. माझ्या ओळी अशा वाकड्या गेल्या, की काकीनं मागून येऊन निम्मे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून परत लावले. संध्याकाळी कमरेतून उभं राहता येईना. त्या बायका हे महिनाभर रोज करतात.

ज्याच्या शेतात तो दिवस दिला, तो गावातला मोठा शेतकरी. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन म्हणाला, “बाई, पुन्याचंच काम हाय ना हे? मंग थोडं कमी घ्या.”

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. स्वतःच्या शेतात धान लावून घेतलं होतं, आणि वर आमच्या दानातून त्याला सूट हवी होती.

काकी म्हणाली, “पुन्य आमी करून राहिलो, तुमी नाही. तुमी मजुरी पुरी द्या.”

त्यानं दिली. नाक मुरडत दिली, पण दिली. तो तांदूळ आम्ही ऑटोत घालून सिस्टरकडे नेला. सिस्टरनी पोत्यावर हात ठेवला. मग आम्हाला बसवून खिचडी खाऊ घातली, आमच्याच तांदळाची.

गावात याची चर्चा झाली, आणि ती चांगली झाली नाही. सरपंचबाईंचे यजमान, ज्यांना सगळा गाव ‘सरपंच साहेब’ म्हणतो, पानठेल्यावर म्हणाले, “घरं फोडाचा दुकान हाय तो. बायकाइले तिकडं पलून जावाचा रस्ता दाखवून राहिले हे.” हे मला माझ्याच नवऱ्यानं येऊन सांगितलं. सरपंचबाई स्वतः काय म्हणाल्या, ते कोणी विचारलं नाही. त्यांना कोणी काहीच विचारत नसे. ग्रामसभेत त्या खुर्चीवर बसत, साहेब शेजारच्या खुर्चीवर बसून बोलत, आणि शेवटी कागद पुढे आला की त्या सही करत.

पण बायकांचं बोलणं बायकांच्या वाटेनं गेलं. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या गावांतल्या टोळ्या म्हणाल्या, आमचाही एक दिवस घ्या. ज्यांना रोवता येत नव्हतं, त्या म्हाताऱ्यांनी घरची लाखोळीची डाळ आणून दिली. एकीनं जवसाचं तेल दिलं. सरपंचबाईही एका दिवशी साडी खोचून बांधीत उतरल्या. कोणाशी काही न बोलता दिवसभर रोवलं आणि घरी गेल्या. त्यांचा हात चांगला चालत होता. माहेरी त्या हेच करत असणार.

एवढी पोती ठेवायला जागा पाहिजे होती. पाऊस चालू होता. ग्रामपंचायतीचा हॉल रिकामा पडला होता, साहेबांच्या ट्रॅक्टरमधून नेऊन तिथं ठेवली. इथं चावी आली साहेबांच्या हातात.

निवडणूक जवळ आली होती हे मी सांगायला नको. जे घर मागच्या साली घरं फोडायचं दुकान होतं, ते एकदम ‘आपल्या भगिनींचा आसरा’ झालं. साहेब शाळेत आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मॅडम, कार्यक्रम घेऊ. मोठ्या लोकांना बोलवू. स्टेजवरून वाटप करू. सूत्रसंचालन तुम्ही करा, तुमचं शुद्ध आहे.”

मी म्हटलं, “वाटप कसलं? तांदूळ बायकांनी कमावला आहे. तो नेऊन द्यायचा आहे, एवढंच. हॉल उघडून द्या.”

“उघडतो ना. कार्यक्रमाच्या दिवशी उघडतो.”

मी काकीला सांगितलं. काकी हॉलपाशी गेली, कुलूप हलवून पाहिलं, परत आली. म्हणाली, “कुलूप तोडलं तं आपल्यालेच चोर म्हनतीन.” खरं होतं. आपलाच तांदूळ, आणि चोर आपणच ठरलो असतो.

सिस्टरनी फोनवर आधी साफ नाही म्हटलं. मग त्यांच्याकडचं धान्य सरलं. त्या वेळी घरात सात-आठ बायका आणि लेकरं होती. शेवटी त्या म्हणाल्या, “येते. पण घ्यायला मी एकटी स्टेजवर येईन. आमच्या बायकांचा फोटो काढायचा नाही. हे आधी कबूल करून घ्या.” मी साहेबांना तसं सांगितलं, चार लोकांसमोर. ते म्हणाले, “हो हो, ते काय सांगायचं झालं.”

कार्यक्रमाच्या दिवशी सिस्टर एका मालवाहू ऑटोतून आल्या. पोती चढवायला हात लागतील म्हणून घरातल्या दोघी सोबत होत्या. त्यांतली एक अगदी तरुण, तिकडे देवरीच्या पुढची, चिचगडकडच्या जंगलपट्ट्यातली. नवऱ्यानं तिच्या हातावर तापलेला झारा टेकवला होता. ती लहान मुलीला घेऊन तिथून पळाली होती आणि कोणाकोणाच्या मदतीनं सिस्टरपर्यंत पोचली होती. नवऱ्याला ती कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. वर्ष होत आलं होतं. शिवणकाम शिकून ती एका दुकानाचे ब्लाउज शिवायला लागली होती, मुलगी अंगणवाडीत जायला लागली होती. ती तोंडाला दुपट्टा बांधून हॉलच्या मागे पोत्यांपाशी उभी होती.

भाषणं झाली. मी सूत्रसंचालन केलं नाही, ते साहेबांच्या पुतण्यानं केलं. एकेक पाहुणा उठून स्त्रीशक्तीवर बोलला. एकानं सांगितलं, की बाई ही मुळात त्यागाची मूर्ती असते. समोर पहिल्या रांगेत पुरुष बसले होते. रोवणाऱ्या बायका मागे उभ्या होत्या, कारण खुर्च्या पुरल्या नव्हत्या.

मग सिस्टरना बोलावलं. त्या गेल्या. आणि साहेबांनी माइकवर म्हटलं, “लाभार्थी भगिनींनीही वर यावं. लाजू नका.”

लाभार्थी! सिस्टर मान हलवून नाही म्हणत होत्या. साहेबांचे दोन कार्यकर्ते हॉलच्या मागे गेले आणि त्या दोघींना ‘चला चला’ करत वर घेऊन आले. त्या बिचाऱ्या काय करणार? एवढ्या लोकांसमोर हात झटकून पळणार? गोंदियाहून आणलेला फोटोग्राफर पुढे आला आणि त्या पोरीला म्हणाला, “बेटा, दुपट्टा ज़रा नीचे करो. चेहरा नहीं आ रहा.”

मी स्टेजवर चढले. म्हटलं, “फोटो काढायचा नाही असं ठरलं आहे. बंद करा.” पुतण्यानं माझ्या पुढ्यातला माइक उचलून घेतला. साहेब हसून म्हणाले, “मॅडम, चांगल्या कामात आडवं नका येऊ.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिचा दुपट्टा हनुवटीखाली सरकवला, तिच्या हातात एक साडी ठेवली, आणि समोर पाहून हसले. बाजूला ओळीनं सगळे पाहुणे, सगळ्यांचा एकेक हात त्या साडीला लागलेला. समोर टाळ्या वाजल्या.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता, खाली सिस्टरचं नाव आणि गावही लिहून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, सिस्टरचा फोन आला. आवाज दबलेला. “मॅडम, तो आला आहे. सोबत भाऊ आहेत. दारात उभे आहेत. मी पोलिसांना फोन केला, पण अजून कोणी आलं नाही.”

रोवणी उरकत आली होती. टोळी आमच्याच शेताजवळ होती. मी धुऱ्यावर जाऊन सांगितलं, तशा सगळ्या बाहेर आल्या. हातपाय धुवायला कोणी थांबलं नाही. रस्त्यावरून एक माल घेऊन जाणारी गाडी चालली होती, ती अडवून सगळ्या मागे चढल्या. गाडी निघताना सरपंचबाई त्यांच्या बांधीतून धावत आल्या आणि चढल्या. त्यांना कोणी सांगितलं, मला आजही माहीत नाही.

सिस्टर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर तो. दिसायला साधा, बारीक माणूस. मला वाटलं होतं कोणी राक्षस असेल. तो मोबाइल पुढे करून म्हणत होता, “हे पाहा. माही बायको. चारचौघांत भीक घेऊन राहिली. माही इज्जत गेली. आता मी तिले नेतो.”

काकी म्हणाली, “इज्जत गेली म्हनते. हात जाळला तवा कुठी होती तुही इज्जत?”

“आमच्या घरची गोष्ट हाय ते.”

“तं घरातच ठेवाची होती. ते इथवर चालत काऊन आली?”

तो पुढे सरकला. बायका दारासमोर उभ्या राहिल्या, चिखलानं माखलेल्या, एकमेकींना खेटून. कोणी आरडाओरडा केला नाही. त्याच्या भावानं एकीला ढकललं, ती हलली नाही. आतून लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

मग पोलीस आले. जमादारानं दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाला, “नवरा-बायकोचा मामला आहे, मिटवून घ्या आपसात.” मी म्हटलं, तक्रार लिहून घ्या, तिच्या हातावर डाग आहेत, या माणसानं इथं येऊन ढकलाढकली केली आहे. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यानं आमच्यात सरपंचबाईंना ओळखलं आणि विचारलं, “वहिनी, सरपंच साहेब नाही आले का?”



सरपंचबाई पुढे आल्या. हातावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. म्हणाल्या, “सरपंच मी हाय. माह्या नावाचा शिक्का हाय, माही सही चालते. ते घरी हायेत. तुमी तक्रार लिहून घ्या. मी इथंच उभी राहीन लिहून होतपर्यंत.”

त्या बाईचा आवाज मी गावात इतकी वर्षं राहून पहिल्यांदा ऐकला. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. हा आवाज इतकी वर्षं होता कुठं? कोणी दाबून ठेवला होता, ते ठाऊक होतं, म्हणूनच राग आला.

तक्रार लिहिली गेली. नवऱ्याला ठाण्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. जाताना तो म्हणून गेला, “आता ठिकाणा माहीत झाला.” त्या एका वाक्यानं सगळं संपलं. ती पोरगी तिथं राहू शकत नव्हती. शिवणाचं काम, मुलीची अंगणवाडी, वर्षभरात हळूहळू जमवलेला धीर, सगळं सोडून तिला पुन्हा दुसरीकडं निघावं लागलं. सिस्टरनी कुठं तरी दूरच्या ओळखीनं सोय केली. मी आणि काकी स्टेशनवर गेलो. मुलगी काकीच्या कडेवर झोपली होती. गाडी दिसल्यावर ती पोरगी म्हणाली, “मॅडम, मी साडी नाही मांगली होती.”

काकीनं मुलीला तिच्या खांद्यावर दिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिथून मी सरळ साहेबांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, चांगल्या कामात एखादी चूक होऊन जाते. आमचा हेतू तर दानाचाच होता.”

“तुम्ही काय दान केलंत? एक मूठ तांदूळ?”

“ट्रॅक्टर दिला पोती आणाले.”

काकी माझ्या मागे अंगणात उभी होती. ती म्हणाली, “डिझल आमचाच तांदूल इकून भरला होता, भाऊ. इसरले?”

साहेब उठून आत गेले. आतून सरपंचबाई बाहेर आल्या, आम्हाला पाणी दिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्या रात्री त्यांना घरात काय ऐकावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या ग्रामसभेत मात्र शेजारची खुर्ची ठेवली नव्हती. ती त्यांनीच उचलून बाहेर ठेवायला लावली, असं शिपाई सांगत होता.

माफी कोणी मागितली नाही. पाहुण्यांपैकी कोणी नाही, साहेबांनी तर नाहीच. ज्यांनी मोबाइलवर तो फोटो पुढे पाठवला, त्यांतल्या एकालाही वाटलं नाही की आपण काही केलं. माझ्या शाळेतले एक गुरुजी मला म्हणाले, “पण मॅडम, प्रसिद्धी झाली म्हणून तर मदत वाढते ना?” मी त्यांना विचारलं, “वाढली का?” बाहेरून एक दाणा आला नव्हता.

रोवणीचा दिवस आम्ही सोडला नाही. पुढच्या वर्षी पोती ठेवायला बौद्ध मोहल्ल्यातल्या विहाराची खोली घेतली, चावी काकीकडे. त्या वर्षी टोळीतल्या दोघी आल्या नाहीत. कारण विचारलं तर एकीनं कमरेचं सांगितलं, एकीनं पाहुण्यांचं. खरं कारण आम्हाला कळत होतं. मजुरी करताना शेजारी वाकून रोवतात, एका डब्यातली चटणी खातात, आणि दानाचं पोतं विहारात ठेवायचं म्हटलं की कंबर दुखते. काकी काही बोलली नाही. मी बोलले, त्या दोघींच्या घरी जाऊन बोलले. एक पुढच्या साली परत आली. दुसरी माझ्याशी अजून बोलत नाही.

सरपंचपद आता दुसऱ्याकडे गेलं आहे. बाई दरवर्षी रोवायला येतात, आणि आता बांधीत त्यांचं तोंड बंद नसतं. साहेबांना मात्र गाव अजून सरपंच साहेबच म्हणतो. ते चौकातून गेले की लोक उठून नमस्कार करतात.

मागच्या आठवड्यात तांदूळ पोचवायला गेले, तेव्हा सिस्टरना तिच्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, “बरी आहे. शिवते. मुलगी शाळेत जाते.”

“कुठं आहे?”

“मॅडम, ते नका विचारू.”

बरोबर होतं त्यांचं. मी पुढे विचारलं नाही. पण परतीच्या ऑटोत, गावाच्या चौकात उतरेपर्यंत, तेच मनात घोळत राहिलं. जिनं काही केलं नाही, तिचं गाव कोणाला सांगायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, तिनं तोंड झाकून जगायचं. आणि ज्यानं तिचा दुपट्टा खाली ओढला, तो भर चौकात उघड्या तोंडानं पान खात उभा होता. मला पाहून त्यानं नमस्कार केला. मी केला नाही.